पान वरनं

“टोकन दोनशे अकरा, भाऊ ईश्वरा सुतार. हजर पंचवीस, जादा तास नऊ.”

“सहा,” मी म्हणालो.

“नऊ.”

“माझ्याकडं सहा आहेत. नीट बघा, चौगुलेबाई.”

तिनं हजेरीचं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, ओळीवर बोट ठेवलं आणि जीभ चावली. “अगं बाई! सहाच की.”

कोपऱ्यातल्या टेबलावरून घोरपडे आण्णांनी मानही वर न करता निकाल दिला, “पान वरनं.”

मी पेन्सिलीच्या खुणा खोडल्या. तिनं खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, “गेली माझी एसटी.” मग पुन्हा पानाच्या डोक्यावर बोट ठेवून पहिल्या नावापासून वाचायला लागली.

आमचा कारखाना ओतकामाचा. हातकणंगल्याच्या बाजूला माळावर पंपांच्या बॉड्या ओतायचो. माणसं चारेकशे. कॉम्प्युटर तेव्हा आमच्याकडं फक्त पेपरातल्या जाहिरातीत यायचा. प्रत्येक खात्याचा फोरमन हजेरीचं पुस्तक भरायचा, त्यावरून मी टाइम ऑफिसात पगारपत्रक करायचो आणि पगारपत्रक कॅशियरकडं जाण्याआधी दोन्हींचा मेळ घालावा लागायचा. एकानं पुस्तक वाचायचं, दुसऱ्यानं पत्रकावर टिक करायची. वाचणारा दुसऱ्या खात्यातला हवा, कारण आपणच लिहायचं आणि आपणच तपासायचं हे आण्णांना मान्य नव्हतं. आण्णा म्हणजे आमचे टाइमकीपर, टाइम ऑफिसचे मुख्य. एका ओळीत चूक निघाली की ते पूर्ण पान वरून वाचायला लावायचे. एकदा घसरलेली नजर आधीही कुठं घसरली नसेल कशावरून, असं त्यांचं म्हणणं. कारखान्यात ‘पान वरनं’ ही म्हणच झाली होती. चहात साखर कमी पडली तरी पोरं म्हणायची, “पान वरनं.”

वाचायला स्टोअरमधून त्रिशला चौगुले यायची. कुंभोजची. महिन्याच्या सुरुवातीला चार दिवस ती माझ्या समोरच्या खुर्चीवर बसायची आणि बाकीचे दिवस आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला नट-बोल्ट आणि बेअरिंगांत असायची. टाइम ऑफिस आणि स्टोअर यांच्यामध्ये भट्टी, वाळूचे ढीग आणि मालकांचा बंगला. कामाशिवाय तिकडं जायला निमित्त नसायचं आणि निमित्त काढण्यात मी पहिल्यापासून ढ.

मी तेव्हा तिशीला टेकलो होतो. आई-वडील गेलेले, बहीण अथणीला दिलेली. इचलकरंजीत भाड्याच्या खोलीत राहायचो. संध्याकाळी कडी लावली की दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर वॉचमनला नमस्कार घालेपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. एका रविवारी सायंकाळी किराणा दुकानात काडेपेटी मागितली, तर माझाच आवाज मला परका वाटला. दिवसातलं ते पहिलंच बोलणं होतं. असल्या माणसाला समोर बसून कुणीतरी चार दिवस मोठ्यानं वाचून दाखवतंय, मग ते जादा तास का असेनात, ही चैन होती. खरं सांगायचं तर मी त्या चार दिवसांवर महिना काढायचो.

त्यात जेवणाची गंमत. आम्ही दोघंही जैन, दिवस मावळायच्या आत खायचं. मेळाचं काम लांबलं की उन्हं कलायला लागताना ती डबा उघडायची.

“घ्या मगदूम. आईनं आजबी जास्तच बांधलंय.”

“तुमच्या आईला अंदाज येत नाही का हो?”

“न्हाई येत. तुम्हाला भाकरी नको असली तर तसं सांगतो तिला.”

आमच्याकडच्या बायका ‘करतो, सांगतो’ असंच बोलतात, तिचंही तसंच. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी वांगं. आण्णा तेवढ्यात भट्टीकडं चक्कर मारायला जायचे. म्हाताऱ्याला नेमकं तेव्हाच भट्टीचं काय काम असायचं, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

माझा बेत मी मनाशी पक्का केला होता. मी हंगामी होतो, दर सहा महिन्यांनी नवीन कागद. अशा माणसानं कुणाच्या दारात मुलगी मागायला कुठल्या तोंडानं जायचं? आधी कायम व्हायचं, मग ताईला कुंभोजला पाठवून रीतसर विचारायचं. तोवर ब्र काढायचा नाही. बेत इतका नीटनेटका होता की तिला त्याचा वाससुद्धा लागू नये, याचीही काळजी मी घेतली होती.

त्या उन्हाळ्यात पुण्याहून पारगावकर साहेब मॅनेजर म्हणून आले. पहिल्याच महिन्यात त्यांचं आणि युनियनच्या शामराव खोताचं वाजलं. पगार दहा तारखेच्या पुढं जायचा, कधी बारा. खोत केबिनमध्ये उभं राहून म्हणाला, “साहेब, दुकानदार सात तारखेला दारात येतोय. आम्ही त्याला काय मेळ घालाय लागलाय म्हणून सांगायचं? सातच्या आत पगार झाला न्हाई तर भट्टी पेटायची न्हाई.”

खोत गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. “मगदूम, हा पगार तयार व्हायला इतका वेळ लागतो कुठं? मला शोधून द्या. आणि कमी करून दाखवा.”

“प्रयत्न करतो, साहेब.”

“करून दाखवलंत तर दिवाळीच्या आत तुम्हाला कायम करतो. माझा शब्द.”

झालं! माझ्या अंगात वारंच शिरलं. वर्षानुवर्षं अडलेलं घोडं आता गंगेत न्हाणार होतं. मी घड्याळ घेऊन प्रत्येक कामाच्या पाठीमागं लागलो. फोरमन जादा तासांच्या चिठ्ठ्या खिशात साठवून महिनाअखेरीस एकदम देतात, ते बंद करून रोजच्या रोज घ्यायच्या ठरवल्या. उचल आणि कॅन्टीनची कपात आधीच लावून ठेवायची. पण सगळ्यात जास्त वेळ जात होता वाचण्यात, आणि वाचण्यात जात होता तो ‘पान वरनं’मध्ये. मी टिपण ठेवलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. चूक सहसा पानाच्या तळाशी व्हायची. शेवटचं नाव नाहीतर त्याच्या वरचं. मी विचार केला आणि कारणही शोधून काढलं : पान संपत येईतो बिचारीचे डोळे थकत असणार.

उपाय सोपा होता. प्रत्येक खात्याच्या तासांची आडवी बेरीज आणि उभी बेरीज करायची. फोरमननंही आपल्या पुस्तकात तशीच करून द्यायची. दोन्ही बेरजा जुळल्या की मेळ झाला, एक अक्षर वाचायला नको. जुळल्या नाहीत तर चूक नेमक्या कुठल्या रांगेत आहे तेही कळतं. मी आण्णांना कागद दाखवला.

आण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला, कागद वाचला, पुन्हा वाचला. “झ्याक हाय रं. डोकं हाय तुला.”

“मग साहेबांना देऊ?”

“दे की. त्या चिठ्ठ्या, उचल, समदं कर. वाचन तेवढं ऱ्हाऊ दे.”

“आण्णा, सगळा वेळ तर वाचनातच जातोय.”

“जाऊ दे की जरा.”

“अहो, चारशे माणसांचा पगार अडतो.”

म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. काहीतरी बोलावं की नको, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी म्हणाला, “मगदूम, लेका, तू लई हुशार हाईस.” आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढून घेतला.

मला वाटलं, म्हाताऱ्याला स्वतःचा नियम मोडवत नाही. जुन्या माणसांचा जीव असतो असल्या गोष्टींत.

साहेबांनी आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून माझा कागद मोठ्यानं वाचला. आण्णा, मी, कॅशियर, आणि वाचनाशी संबंध म्हणून स्टोअरमधून त्रिशला. “वाचनातील चुका मुख्यतः पानाच्या शेवटी होतात. कारण, वाचणाऱ्याची नजर थकते. नवीन पद्धतीत वाचणाऱ्याची आवश्यकता राहणार नाही.” साहेब खूश होते. “वेल डन मगदूम! इतकं बारीक लक्ष!”

ती खाली बघत होती. बाहेर आल्यावर मी तिला व्हरांड्यात गाठलं. तिला चूक म्हटल्याचं लागलं असेल, असं मला वाटलं.

“चौगुलेबाई, राग नाही ना आला? तुमच्यासाठीच केलंय ते.”

“माझ्यासाठी?”

“म्हणजे, तुमची एसटी चुकते ना दर वेळी. आता वेळेत घरी जाल.”

तिनं माझ्याकडं बघितलं. इतकं सरळ तिनं आधी कधी बघितलं नव्हतं. “तळाला चुकतो, हे मोजलं तुम्ही?”

“हो, दोन महिने टिपण ठेवलं.”

“आणि डोळं थकत्यात, असं लिहिलं.”

“दुसरं काय कारण असणार?”

“खरंच की,” ती म्हणाली. “दुसरं काय असणार!” आणि वाळूच्या ढिगाला वळसा घालून स्टोअरकडं चालायला लागली.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल मी स्वतःच सोडून दिला होता आणि वर त्याबद्दल शाबासकी घेत होतो.

साहेबांचं म्हणणं पडलं, पहिल्या महिन्यात दोन्ही पद्धती चालवून बघू, नवी आणि जुनी सोबत. म्हणून त्रिशला आणखी एकदा आली. समोर बसली, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. आवाज तोच, पण गाडी एका वेगानं निघाली. टोकन, नाव, हजर, जादा तास. टोकन, नाव, हजर, जादा तास. मी टिक करत होतो आणि प्रत्येक पानाच्या तळाशी माझी पेन्सिल आपोआप थांबत होती. ती थांबत नव्हती. पान उलटत होती. एकदाही जीभ चावली नाही, एकदाही खिडकीबाहेर बघितलं नाही. कोपऱ्यात आण्णांनी हातातलं काम केव्हाच ठेवून दिलं होतं.

चार दिवसांचं वाचन दुसऱ्या दिवशी दुपारीच संपलं.

“कमाल झाली!” मी म्हणालो. “एक चूक नाही, चौगुलेबाई. बघा, डोळ्यांना विश्रांती मिळाली की कसा फरक पडतो.”

“व्हय ना,” ती म्हणाली. तिनं पुस्तक मिटलं, त्याची कड टेबलाला समांतर लावली आणि उठली.

“डबा?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“आणला न्हाई. आता लवकर जायचं असतंय म्हणून सांगितलं आईला.”

ती गेल्यावर आण्णांनी तिची खुर्ची भिंतीला लावली. मग म्हणाले, “मगदूम, चहा पितोस?” आण्णांनी मला स्वतःहून चहा विचारण्याची ती पहिलीच खेप होती. मला वाटलं, म्हाताऱ्यानं नवी पद्धत मान्य केली.

पुढच्या महिन्यापासून पगार पाच तारखेला व्हायला लागला. खोतानं पगाराच्या खिडकीपाशी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली. “मगदूमसाहेब, पोरांची फी आवंदा वेळेवर गेली बघा.” त्याचं ते बोलणं मला आजही गोड वाटतं आणि ते काम मी पुन्हा करीन. पगार वेळेवर झाला पाहिजे, त्याबद्दल माझं दुमत नाही.

पण ते चार दिवस गेले. पहिल्या तारखेला मी बेरजा घ्यायला बसायचो. समोरची खुर्ची आण्णांनी भिंतीला लावून ठेवली होती. आडवी बेरीज, उभी बेरीज, जुळली. आडवी, उभी, जुळली. टाइम ऑफिसात बेरजेच्या मशिनचा खटखट आवाज आणि बाकी सामसूम. दिवस कलायला लागला की मी घरून बांधून आणलेला पाव खायचो. दोन वेळा मी वाळूच्या ढिगापर्यंत जाऊन परत फिरलो. स्टोअरमध्ये जाऊन म्हणायचं काय? मेळ तर जुळलेला होता. मी स्वतःची समजूत घालायचो, थोडंच राहिलंय, दिवाळीच्या आत पत्र येईल, मग आयुष्यभराची सोबत. चार दिवस देऊन सगळं आयुष्य मिळवायचं, हा सौदा मला फायद्याचा वाटत होता.

पत्र दसऱ्यानंतर आलं. मी ते खिशात घातलं आणि भट्टी, वाळू, बंगला ओलांडून तडक स्टोअर गाठलं. त्रिशला काउंटरच्या आत उभी होती. एका फिटरनं लांबूनच बेअरिंग दाखवलं, तर तिनं त्याच्या कडेवरचा कोरलेला बारीक नंबर तिथूनच वाचून सांगितला. फिटर गेला. मी काउंटरवर हात ठेवून उभा राहिलो.

“काय पाहिजे, मगदूम?”

“मी कायम झालो.”

“अभिनंदन.” ती हसली. मनापासून हसली, ते मला कळलं. “लई बरं झालं.”

“मी ताईला कुंभोजला पाठवणार आहे.”

“कशाला?”

मी चार वर्षं मनात घोकलेलं वाक्य नेमकं तेव्हाच पळालं. “विचारायला,” एवढंच म्हणालो. “तुमच्याबद्दल. तुमच्या घरी.”

ती काउंटरवरचे वॉशर गोळा करून डब्यात टाकायला लागली. सगळे टाकून झाल्यावर म्हणाली, “गेल्या रविवारी माझी सुपारी फुटली. निपाणीचं स्थळ हाय.”

“मला कुणी सांगितलं नाही,” मी म्हणालो. जणू कारखान्यानं सूचनाफलकावर लावायला हवं होतं.

“कोण सांगणार? भेटलो कधी आपण?”

“मी कायम व्हायची वाट बघत होतो. त्याच्यासाठीच तर ते सगळं...”

“मगदूम,” तिनं मला मध्येच थांबवलं. आवाज अगदी हळू होता. “मघाशी तो बेअरिंगचा नंबर मी वाचला, बघितलं न्हवं तुम्ही?”

मी मान हलवली.

“माझं डोळं कधीच थकलं न्हाईत. चार वर्षं तुमच्यासमोर बसून मी चुकीचं वाचलं. प्रत्येक पानाच्या शेवटी. तुम्ही दर वेळी चूक धरली. म्हटलं, कधीतरी म्हणतील, चौगुलेबाई, असं का चुकताय हो? एकदा तरी विचारतील. तुम्ही मोजलं. टिपण ठेवलं. सगळं केलं, तेवढं इचारलं न्हाई.”

“तुम्ही सांगायचं होतं,” मी म्हणालो. माझा आवाज मला पुन्हा परका वाटला.

“आणि कसं सांगायचं असतंय? रोज दोन माणसांचा डबा घेऊन कुंभोजवरनं येत होतो मी. आण्णांना कळलं. ते म्हणायचे, थांब जरा, मगदूम हुशार हाय, त्याला कळायला वेळ लागंल.”

एक हेल्पर ग्रीसचा डबा मागायला आला. तिनं चिठ्ठी घेतली, डबा दिला, पोचपावतीवर सही घेतली. तो जाईपर्यंत तिनं डोळे पुसले होते आणि मला ते बघून न बघितल्यासारखं करावं लागलं.

“आता काही...” मी म्हणालो.

“बाबांनी शब्द दिलाय,” ती म्हणाली. “माणूस बरा हाय. त्यानं सरळ इचारलं.”

लग्नाची तारीख ठरल्यावर तिनं राजीनामा दिला. कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे सोडणाऱ्या माणसाचा शेवटचा हिशेब टाइम ऑफिसात व्हायचा आणि त्यानं समोर बसून तो बघून सही करायची. पूर्वी या हिशेबाला सगळी दुपार जायची. सहा ठिकाणची पुस्तकं मागवायची, रजा मोजायच्या, उचल शोधायची, पुन्हा मेळ घालायचा. सोडणारी माणसं डबा घेऊनच यायची. आण्णा त्यांना बसायला देऊन जुन्या गोष्टी काढायचे.

तो दिवस ठरल्यापासून मी एकच गोष्ट मनाशी धरून होतो. एक दुपार. ती समोर बसेल. तिला बोलण्यासारखं माझ्याकडं काही उरलेलं नव्हतं, मागण्यासारखं तर नव्हतंच. पण ती समोर बसेल, मी पुस्तकं चाळीन आणि मध्येच कधीतरी तिला म्हणेन, की खोलीवर गेल्यावर मी तिनं वाचलेली नावं मनातल्या मनात ऐकायचो. तिला ते ठाऊक असलेलं बरं, एवढंच.

ती आली. आण्णांनी भिंतीची खुर्ची ओढून दिली आणि भट्टीकडं निघून गेले. ती बसली. हिरव्या बांगड्या भरलेल्या होत्या. मी तिची फाइल उघडली. रजा रोजच्या रोज चढवलेल्या, उचल शून्य, कपात लागलेली, आडवी बेरीज, उभी बेरीज. मी पेन हातात घेतला आणि बघत राहिलो. करण्यासारखं काहीच नव्हतं. सगळं तयार होतं. माझ्याच हातानं मी ते इतकं चोख बसवलं होतं.

“झालं?” तिनं विचारलं.

मी कुठं काही राहिलंय का ते शोधलं. खरोखर शोधलं, वरपासून खालपर्यंत.

“झालं,” मी म्हणालो.

तिनं सही केली, पैसे पाकिटात ठेवले आणि उठून उभी राहिली. क्षणभर थांबली. मी काही म्हणतो का, याची ती वाट बघत होती, हे मला त्या वेळी कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला लगेच कळलं होतं.

“बसा ना,” मी म्हणालो.

“कशाला?” तिनं विचारलं.

तिला थांबवायला माझ्याकडं कामच उरलं नव्हतं, आणि कामाशिवाय माणसाला कसं थांबवतात ते मी शिकलो नव्हतो. “नाही, काही नाही,” मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि ती गेली.